डालडाचा डबा आणि निकेलचे खळगे

मुलांनो, स्टीलची भांडी कशी घडतात ते पाहायचे असेल तर भाईंदर पूर्वेला यावे. गाळ्यागाळ्यातून ताटे, वाट्या, डबे घडवण्याचा आणि घासून चकचकीत करण्याचा खणखणाट चालू असतो. चांगल्या प्रतीच्या या स्टीलमध्ये लोखंड आणि क्रोमियम यांच्या जोडीला शंभरात आठेक भाग निकेल असते. भांड्यात ते निमूट बसून राहते. पण याच निकेलच्या बारीक पुडीची हायड्रोजन वायूशी गाठ पडली, की त्याची करामत सुरू होते. (हा प्रयोग घरी करायचा नाही हं!)

हायड्रोजनचे अणू दोघे-दोघे हात घट्ट धरून हिंडतात. ही जोडी नुसत्या उष्णतेने फोडायची तर काही हजार अंश तापमान लागते. स्वच्छ निकेलवर मात्र ती साध्या खोलीच्या तापमानालाही फुटते. कशी काय?

फळवाल्याने गाडीवर मोसंबी रचलेली पाहिलीत ना? धातूच्या स्फटिकात अणू तसेच रचलेले असतात. आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी मिळतात, पण सगळ्यात वरच्या थराची एक बाजू उघडी राहते. हायड्रोजनची जोडी तिथे टेकली, की तिचा एकेक अणू तीन निकेल-अणूंमधल्या खळग्यात जाऊन बसतो, अगदी तीन मोसंब्यांच्या मध्ये बोर बसावे तसा! आधी तो जोडीदाराबरोबर इलेक्ट्रॉन वाटून घेत होता, आता निकेलबरोबर घेतो. जोडी तोडायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून जास्त हे नवे बंध जुळताना मिळते. म्हणजे सौदा फायद्याचा.

सोन्यावर हा सौदा जमत नाही. टंगस्टन उलट नको इतके घट्ट धरते. निकेलची पकड मधली, म्हणून कामाची. कारण कोणी मागितला तर अणू सोडताही यायला हवा ना!

पृष्ठभागावरचे असले व्यवहार बारकाईने उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ट एर्टल यांना २००७ चे नोबेल मिळाले. गंमत म्हणजे ती बातमी आली त्यांच्या ७१व्या वाढदिवशी.

आता हा अणू मागतो कोण? तर तेल! तेलाचे लांब रेणू दुहेरी बंधाच्या जागी वाकलेले असतात, त्यामुळे ते नीट रचले जात नाहीत आणि तेल पातळ राहते. निकेलवरचे हायड्रोजन त्या जागी जोडले, की रेणू सरळ होतात आणि तेल थिजते. निकेलची ही युक्ती फ्रान्सच्या पॉल साबात्ये यांनी शोधली. त्यांना १९१२ साली नोबेल मिळाले. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३२ पासून असे वनस्पती तूप होऊ लागले, आणि १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आले. आजीला विचारा, ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा तिला नक्की आठवेल. रिकाम्या डब्यात तुळससुद्धा लावत!

पण निकेलची पकड सैल, तशी देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. कधी रेणूला एकच हायड्रोजन जोडला जातो, आणि दुसरा मिळण्याआधी त्याचा एक अणू पुन्हा निकेलकडे जातो. दुहेरी बंध परत येतो, पण बाक मात्र सरळ झालेला असतो. हीच ट्रान्स चरबी. ती रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि हृदयाला घातक ठरते. म्हणून २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात ती शंभरात दोन भागांहून जास्त चालत नाही. सगळ्याच दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडला तर ट्रान्स जवळजवळ उरत नाही, पण मग तूप मेणासारखे कडक होते. ते मऊ करायला त्यात पुन्हा पातळ तेल मिसळावे लागते.