कंदील, गलबत आणि उडती तबकडी

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, अगदी उत्तरेला, पॉल्डिंग नावाचं छोटंसं गाव आहे. गावाजवळच्या जंगलात विजेच्या तारांसाठी झाडं तोडून एक सरळ पट्टा मोकळा केलेला आहे. अंधार पडला की त्या पट्ट्याच्या टोकाशी एक दिवा दिसू लागतो. पांढरा, मध्येच लाल. तो मोठा होतो, जवळ आल्यासारखा वाटतो आणि विझतो. 1966 मध्ये काही मुलांनी त्याची खबर पोलिसांना दिली, तेव्हापासून लोक तिथे रात्री गाड्या उभ्या करून वाट बघत बसतात. गावात सांगतात ते असं : हा रेल्वेच्या ब्रेकमनचा कंदील. समोरून येणारी गाडी थांबवायला तो धावला आणि चिरडला गेला. कंदील मात्र अजून हलतो आहे.

2010 मध्ये तिथल्या मिशिगन टेक विद्यापीठाचे विद्यार्थी दुर्बीण घेऊन जंगलात गेले. नुसत्या डोळ्यांना जो कंदील दिसत होता, त्याच्या जागी दुर्बिणीत महामार्गावरच्या मोटारी दिसल्या. रस्त्याकडेची पाटीसुद्धा दिसली. मग त्यांनी आपलीच एक गाडी सुमारे 7 किलोमीटरवरच्या त्या चढावर पाठवली आणि तिचे धोक्याचे दिवे लावायला सांगितले. इकडे जंगलात भुताचा कंदीलही त्याच तालावर उघडझाप करू लागला. पांढरा उजेड येणाऱ्या गाड्यांचा होता, लाल उजेड जाणाऱ्यांचा.

म्हणजे चाळीसेक वर्षं लोक थापा मारत होते का? मुळीच नाही. दिवा खरा होता आणि त्यांनी तो खरोखर पाहिला होता. त्याला फक्त वाहन आणि चालक बघणाऱ्यांनी दिले होते. भुताच्या गाड्यांच्या आणि उडत्या तबकड्यांच्या कथा एकमेकींशी जुळतात त्या इथेच.

अंधारातल्या एकट्या दिव्याचं अंतर डोळ्यांना कळत नाही. दोन डोळ्यांतलं अंतर जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर. दूरच्या वस्तूसाठी ते अपुरं पडतं. दिवसा झाड, घर, खांब यांच्या मापाने आपण अंदाज बांधतो. रात्री ती मापं नसतात. दिवा नुसता प्रखर झाला तरी तो अंगावर आल्यासारखा वाटतो. एसटीच्या खिडकीतून बघणाऱ्या प्रत्येक मुलाला चांदोबा आपल्या सोबत धावताना दिसलेला असतो. शुक्रासारखा तेजस्वी ग्रह तसाच धावतो, फक्त बघणाऱ्या माणसाला तो शुक्र आहे हे माहीत नसतं. ‘त्याने माझ्या गाडीचा पाठलाग केला’ हे वाक्य तबकड्यांच्या हकिगतींत वारंवार येतं, त्याचं एक कारण हे आहे.

आता त्या दिव्याला काळाने काय काय जोडलं ते बघण्यासारखं आहे. 11 जुलै 1881 च्या पहाटे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ एका ब्रिटिश युद्धनौकेवरच्या तेरा जणांना लालसर उजेडात न्हालेलं शिडाचं गलबत दिसलं. जवळ जाऊन पाहावं तर समुद्र मोकळा. शापित कप्तानाचं ‘फ्लाइंग डचमन’ ते हेच, अशी नोंद झाली. त्या नौकेवर पुढे पाचवा जॉर्ज म्हणून राजा झालेला राजपुत्रही होता. नोव्हेंबर 1896 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या आकाशातून एक दिवा सरकत गेला. वर्तमानपत्रं तेव्हा हवेत चालवता येणाऱ्या फुग्यांच्या बातम्यांनी भरलेली होती. लोकांना दिव्यामागे सिगारच्या आकाराचं विमान दिसलं, कुणाला आतल्या माणसांचे आवाजही ऐकू आले. ही लाट पुढच्या वर्षी टेक्सासपर्यंत गेली. ते यान आपलं नव्हे, असा खुलासा थॉमस एडिसनलाही करावा लागला.

दुसरं महायुद्ध संपलं, जर्मनीची व्ही-2 रॉकेटं सगळ्यांच्या मनात ताजी होती, आणि 1946 मध्ये स्वीडनच्या आकाशात रॉकेटं दिसू लागली. स्वीडिश लोकांनी त्यांना नाव दिलं ‘भुताची रॉकेटं’. पुढच्याच वर्षी, 24 जून 1947 रोजी, वैमानिक केनेथ अर्नोल्ड याला माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी टप्पे घेत जाईल तशी त्यांची चाल होती, असं त्याने सांगितलं. बशीची उपमा चालीला होती. बातमीदारांनी ती आकाराला लावली आणि लोकांना आकाशात बश्या दिसू लागल्या. मराठीतली ‘उडती तबकडी’ त्याच बातमीची नात.

आपल्याकडेही हे घडलं आहे. 2012-13 मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी सरोवरावर दिसणाऱ्या अनोळखी दिव्यांच्या 329 नोंदी केल्या. चिनी ड्रोन असावेत, अशी शंका होती. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारणा झाली तेव्हा ते दिवे गुरू आणि शुक्र निघाले. पहाऱ्यावरच्या माणसाने नोंद करायलाच हवी होती, त्यात त्याची चूक नाही. हाच उजेड शंभर वर्षांपूर्वी कोकणातल्या एखाद्या माळावर दिसता तर बघणाऱ्याला वेताळाच्या पालखीच्या मशाली दिसल्या असत्या.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ओसाड भागात असाच एक दिवा प्रसिद्ध आहे, मिन मिन. तो गाडीमागे लागतो, अशी ख्याती. मेंदूशास्त्रज्ञ जॅक पेटिग्रू यांनी तो स्वतः पाहिला आणि ते त्याच्यामागे लागले. शांत रात्री जमीन गार होते, तिला चिकटलेली हवाही गार आणि दाट होते, वर उबदार थर राहतो. प्रकाश दाट हवेकडे वाकतो आणि जमिनीच्या गोलाईबरोबर वळत क्षितिजापलीकडून येऊन पोचतो. ही अटकळ तपासायला पेटिग्रू सुमारे 10 किलोमीटर दूर, उंचवट्याआड, गाडी घेऊन गेले आणि दिवे लावले. गाडी कुणाची, चालवतंय कोण, हे मागे थांबलेल्या सोबत्यांना ठाऊक होतं. तरीही त्यांना दिसला तो क्षितिजाच्या वर, हवेत अधांतरी तरंगणारा दिवा.