फणसोपकर, पावसकर आणि विर्तानेन

रत्नागिरीच्या मांडवी जेटीवरून दक्षिणेकडे पाहिले, की काजळी नदीचे मुख दिसते. नदीपलीकडे भाट्ये, मग फणसोप, गोळप, पावस अशी गावे लागतात. फणसोपला ‘कर’ लागला की फणसोपकर, पावसला लागला की पावसकर. कोकणी माणसाला यात नवल वाटत नाही. पण उत्तर युरोपातल्या फिनलंडमध्ये लोकांनी आडनावे कशी घेतली हे कळले, की आपल्या या ‘कर’कडे नव्याने पाहावेसे वाटते.

विर्तानेन हे तिथे फार आढळणारे आडनाव. १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले आर्तुरी विर्तानेन याच आडनावाचे. ‘विर्ता’ म्हणजे वाहते पाणी, प्रवाह. ‘मॅकी’ म्हणजे टेकडी, त्यावरून मॅकिनेन. ‘कोस्की’ म्हणजे खळाळत उतरणारा नदीचा टप्पा, त्यावरून कोस्किनेन. हे सगळे पिढीजात असेल असे वाटते, पण तसे नाही. पूर्व फिनलंडात वंशपरंपरागत आडनावे जुनी होती. पश्चिमेकडे मात्र माणूस ज्या शेतवाडीवर राही तिचे नाव लावी आणि वाडी बदलली की नावही बदले. पुढे एकोणिसाव्या शतकात आडनावांची गरज वाढली, तेव्हा पुष्कळांनी निसर्गातला एखादा शब्द उचलला आणि त्याला ‘नेन’ जोडले. विर्तानेनच्या दारात ओढा असायलाच हवा, असे नव्हते.

१२ मे १९०६ रोजी विचारवंत स्नेलमन यांची जन्मशताब्दी होती. त्या निमित्ताने हजारो लोकांनी आपली स्वीडिश आडनावे टाकून फिनिश आडनावे घेतली. भाषेचा अभिमान म्हणून झालेला हा बदल होता. त्यांच्याही आधी कादंबरीकार अलेक्सिस स्टेनवाल यांनी लेखनासाठी ‘किवी’, म्हणजे दगड, हे नाव धारण केले होते. १९२० च्या कायद्याने मग आडनाव सक्तीचेच झाले.

आपल्याकडे निसर्ग आडनावात बहुधा गावामार्फत येतो. आधी झाडावरून, पाण्यावरून, जमिनीच्या उतारावरून गावाला नाव पडते आणि ते माणसाला पुढे चिकटते. फणसोपच्या नावातला फणस असाच माणसापर्यंत पोचला असावा. डोंगरे, टेंबे यांसारखी थेट आडनावेही आहेत. टेंब म्हणजे लहानशी टेकडी, अगदी फिनिश ‘मॅकी’. गोव्यात भाट म्हणजे माडांची बागायत आणि तिचा मालक भाटकार. मात्र नुसत्या आवाजावर विसंबू नये. मोरे ऐकून मोर आठवतो, साळुंखे ऐकून साळुंकी. पण या कुळांची परंपरा मौर्य आणि चालुक्य या राजवंशांकडे बोट दाखवते.

‘कर’ची खरी किंमत गाव सुटल्यावर कळते. मुंबईच्या गिरणीत, गोदीत गेलेल्या चाकरमान्याकडे जमीन असो वा नसो, हजेरीपटावर गाव असेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुळाचे आडनाव सकपाळ. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या मूळ गावावरून वडिलांनी शाळेत आंबडवेकर लावले आणि पुढे त्याचे आंबेडकर झाले. एका दुर्लक्षित खेड्याचे नाव त्यातूनच जगभर गेले. विर्तानेनला त्याचा प्रवाह नकाशावर दाखवता येईलच असे नाही. फणसोपकराला फणसोप दाखवता येते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

पण गावाच्या आतली नावे कोणत्याच आडनावात उतरली नाहीत. ‘आंब्याचा मळा’, ‘वरचा सडा’, ‘वडाची बाव’ अशा नावांनी म्हाताऱ्या माणसांना जमिनीचा तुकडा न् तुकडा ओळखता येतो. सडा म्हणजे कातळाचे पठार. फिनलंडमध्ये अशाच उघड्या खडकाला ‘कालिओ’ म्हणतात आणि तेही तिथले आडनाव आहे. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आजही छापलेला असतो. वाटण्या होतात, जमिनी विकल्या जातात, नवा उतारा निघतो. गट नंबर अचूक असतो, पण तो रकाना बहुतेक वेळा कोराच असतो. ज्या घरात ही नावे सांगणारी आजी आहे, तिथे या दिवाळीत तिला ती विचारून वहीत उतरवून घ्यावीत.