पोटाचा निरोप हृदयापर्यंत

"वजन कमी करायचं ते इंजेक्शन म्हाताऱ्या माणसांच्या हृदयालाही चांगलं असतं म्हणे, खरं का?" तुर्भे, रबाळे, दिघा इथल्या वस्त्यांत रक्तदाब तपासायला बसलो की हल्ली आम्हाला हा प्रश्न विचारला जातो. मोबाईलवर आलेली माहिती अर्धीच असते, म्हणून विषय मुळापासून समजून घेऊ.

आतड्याचा निरोप्या

हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप्या. आपण जेवलो की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचे हार्मोन रक्तात सोडतात. साखर वाढली की ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. जठरातले अन्न सावकाश पुढे सरकू देते. मेंदूला कळवते, की पोट भरले. एवढे करून ते काही मिनिटांत नाहीसे होते. सेमाग्लुटाइड हे औषध त्याचीच नक्कल आहे, पण एका इंजेक्शनचा परिणाम आठवडाभर टिकतो.

हृदयाला किती फायदा?

२०२३ मध्ये 'सिलेक्ट' या मोठ्या चाचणीचे निकाल आले. तिच्यात १७,६०४ जण होते. सगळे ४५ किंवा त्याहून जास्त वयाचे, वजन जास्त, हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीच झालेला, पण मधुमेह नसलेले. सुमारे सव्वातीन वर्षांत औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्या दर हजारांत ८० जणांना हार्ट अटॅक किंवा लकवा आला, किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हा आकडा ६५ होता. म्हणजे फायदा खरा आहे, पण ही जादू नाही.

ज्येष्ठांनी सावध का राहावे?

या औषधाने मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. म्हाताऱ्या शरीरातले पाणी लवकर कमी होते. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, मग तोल जाऊन पडण्याची भीती. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. भारतात सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपले की इतर कंपन्याही तेच औषध बनवतात आणि भाव उतरतो. पण स्वस्त झाले म्हणून शेजाऱ्याचे पाहून घेऊ नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे इंजेक्शन नकोच.

"आमचे बाबा तर काटक आहेत"

काटक माणसालाही मधुमेह होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपल्याकडे चरबी पोटात लपते. म्हणून बारीक माणसानेही साखर आणि रक्तदाब तपासावा. नागरी आरोग्य केंद्रात तिशीपुढील सर्वांसाठी ही तपासणी मोफत असते. पुढच्या उपचारांसाठी वाशी, नेरूळ, ऐरोली येथे महापालिकेची रुग्णालये आहेत.

घरात काय करता येईल?

- ताटातली भाजी, उसळ, डाळ किंवा अंडे आधी खा, भाकरी-भात नंतर. यामुळे आतडे जीएलपी-१ जास्त सोडते आणि साखर हळू चढते.
- मटकी, हरभरा, पालेभाजी रोज ताटात असू द्या. लोणचे, पापड, खारवलेली सुकी मासळी कमी करा.
- एकदम भरपेट जेवू नका. जेवल्यावर ज्येष्ठांचा रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. थोडे बसा, मग गल्लीतून दहा मिनिटे सावकाश चाला.
- चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आहार हा औषधाला जोड आहे, पर्याय नाही.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचे. ज्येष्ठांत, त्यातही मधुमेह असलेल्यांत, हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, घाम, धाप, मळमळ एवढेच जाणवते आणि घरचे म्हणतात, "गॅस झालाय." सोडा पाजत रात्र काढू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. गॅस निघाला तर हसत घरी या.