एक टॉवर, दोन यागी आणि फेजचा स्विच

हॅम मित्रांनो, २० मीटर बँडसाठी एकाच टॉवरवर एकावर एक दोन यागी लावल्या असतील, तर फेज बदलायची सोय जरूर करा. दोन्ही एकाच फेजमध्ये असल्या की सिग्नल क्षितिजालगत जातो, लांबच्या डीएक्ससाठी उत्तम. एकीच्या फीडमध्ये रिलेने अर्ध्या तरंगलांबीची केबल घातली, की फेज १८० अंशांनी फिरतो आणि ऊर्जा उंच कोनात वळते. जवळचं स्टेशन उठून येतं, दूरचा गोंगाट दबतो. काय सुख असतं ते! १४.१५ मेगाहर्ट्‌झला हवेतली अर्धी तरंगलांबी १०.६ मीटर, आरजी-२१३चा व्हेलॉसिटी फॅक्टर ०.६६, म्हणून केबल साधारण ७ मीटर कापा. दोन ५० ओहम समांतर जोडले की २५ होतात, तेव्हा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवाच. ट्रान्समिट चालू असताना मात्र रिले बदलू नका, कॉन्टॅक्ट जळतात.