रक्तातील लोहाची राखण

कोंबडीचे अंडे उबवणीस ठेवले म्हणजे ते एकवीस दिवस उष्ण व दमट जागी पडून असते. त्याचे कवच सच्छिद्र असते. माती, विष्ठा व पिसे यांचा त्याला सतत स्पर्श होत असतो आणि आत तर एका पिलाची संपूर्ण वाढ व्हावी इतके सकस अन्न भरलेले असते. सूक्ष्मजंतूंना याहून सोयीचे घर क्वचितच मिळेल. तरीही बहुतेक अंडी सडत नाहीत. यात काही नवल आहे असे कोंबड्या पाळणाऱ्यांना कधी वाटले असेल वा नसेल. प्रयोगशाळेत मात्र या नवलाचा छडा १९४४ साली लागला.

न्यूयॉर्क येथील आर्थर शेड व लिओना कॅरोलाइन या दोघा संशोधकांनी कच्च्या अंड्याचा पांढरा बलक पोषक द्रवात मिसळला आणि त्यात रक्ती आवेचे जंतू सोडले. जंतूंची वाढ खुंटली. बलकामुळे द्रवातील कोणते तरी आवश्यक द्रव्य नाहीसे होत असावे असा तर्क करून त्यांनी नाना प्रकारची पोषक द्रव्ये त्या मिश्रणात एकेक करून घालून पाहिली. एकाही द्रव्याने फरक पडला नाही. मात्र लोहाचा क्षार किंचित घालताच जंतू पूर्ववत वाढू लागले. बलकातील एक प्रथिन लोहाला इतके घट्ट धरून ठेवीत होते की, जंतूंच्या वाट्याला ते येतच नव्हते. अंड्यातील लोह जवळजवळ सगळे पिवळ्या बलकात साठवलेले असते, आणि त्याभोवती पांढऱ्या बलकाचा हा पहारा असतो. अंडी धुण्याच्या पाण्यात लोह अधिक असले तर ती लवकर नासतात, असे पुढे व्यापारी अंड्यांच्या अभ्यासातही दिसून आले.

१९४६ साली याच दोघांनी मानवी रक्तद्रवातही तसलेच प्रथिन असल्याचे दाखविले. त्याला पुढे ट्रान्सफेरिन हे नाव मिळाले. अंड्यापासून सुरू झालेला शोध अशा रीतीने मनुष्याच्या रक्तापर्यंत येऊन पोहोचला.

लोह हा काही दुर्मीळ धातू नव्हे. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोहच आहे. परंतु हवेतील प्राणवायूच्या सान्निध्यात त्याचा गंज होतो आणि गंज पाण्यात विरघळत नाही. भोवताली विपुल असूनही प्राणिमात्राला हा धातू कष्टाने मिळवावा लागतो तो यामुळेच. आणि मिळवल्यावाचून चालतही नाही. श्वसनाच्या साखळीत विद्युत्कण एकीकडून दुसरीकडे नेणारी प्रथिने लोहयुक्त असतात. आनुवंशिक द्रव्याचे घटक तयार करणारी काही विकरेही लोहावाचून पांगळी होतात. ही गरज मनुष्याला आहे तशीच जंतूंनाही आहे, आणि तंटा उद्भवतो तो येथेच.

प्रौढ मनुष्याच्या शरीरात अवघे तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्यापैकी सुमारे दोन तृतीयांश तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. बाकीच्यातील बरेचसे यकृत व इतर इंद्रियांच्या पेशींत साठवलेले असते. रक्तद्रवातून फिरणारे लोह कोणत्याही एका क्षणी सुमारे तीन मिलिग्रॅमच भरते, आणि तेही ट्रान्सफेरिनच्या मुठीत असते. ही मूठ कधी पुरती भरलेली नसते. निरोगी माणसाच्या रक्तातील ट्रान्सफेरिनच्या एकूण जागांपैकी सुमारे ३० टक्केच लोहाने व्यापलेल्या असतात. उरलेल्या रिकाम्या जागा चुकून सुटलेला कण टिपण्यास सज्ज असतात. याचा परिणाम असा की, एक लिटर रक्तद्रवात मोकळ्या लोहाचा सरासरी एक अणूदेखील सापडू नये! जंतूंना वाढीसाठी लागणारे प्रमाण याच्या कोट्यवधी पटींनी अधिक असते. अश्रू, लाळ व मातेचे दूध यांत लॅक्टोफेरिन नावाचे याच कुळातील दुसरे प्रथिन असते. प्रसूतीनंतरच्या चिकात त्याचे प्रमाण विशेष असते.

शरीराच्या या बंदोबस्ताला ‘पोषणजन्य प्रतिकार’ म्हणता येईल. अमेरिकन शास्त्रज्ञ यूजीन वाइनबर्ग यांनी १९७५ साली याच अर्थाचे शीर्षक आपल्या लेखाला दिले व ते रूढ झाले. जंतूंना ठार मारणे हा त्याचा हेतू नाही. त्यांना उपाशी ठेवणे हा आहे.

तथापि जंतूंनीही हात टेकलेले नाहीत. त्यांतील पुष्कळ जाती लोहाला धरणारे लहान रेणू तयार करून भोवताली सोडतात. या रेणूंना सिडेरोफोर म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ लोह वाहून नेणारा. १९७० साली आतड्यातील जंतूंपासून एंटेरोबॅक्टिन नावाचा असा रेणू दोन ठिकाणी स्वतंत्रपणे वेगळा करण्यात आला. त्याची लोहावरील पकड इतकी विलक्षण आहे की, ट्रान्सफेरिनच्या मुठीतून तो लोह काढून घेऊ शकतो. लोह घेऊन परतलेला हा रेणू जंतूच्या आवरणावरील ठरावीक द्वारातून आत ओढला जातो.

येथे शरीर दुसरी चाल खेळते. पांढऱ्या पेशी सिडेरोकॅलिन नावाचे प्रथिन स्रवतात, आणि त्या प्रथिनातील एका खोबणीत लोहासह एंटेरोबॅक्टिन अडकून पडते. २००२ साली हे उघड झाले. ज्या उंदरांत हे प्रथिन तयारच होत नव्हते ते आतड्यातील जंतूंच्या संसर्गाला सहज बळी पडले. यावर साल्मोनेला जंतूंनी काढलेला तोड पाहण्यासारखा आहे: ते एंटेरोबॅक्टिनला शर्करेचे रेणू जोडतात. त्यामुळे त्याचा आकार वाढतो, खोबणीत तो मावत नाही, आणि लोहाची ने-आण निर्वेध चालू राहते. काही जंतू तर सिडेरोफोरच्या भानगडीतच पडत नाहीत. मेंदूज्वराचा व परम्याचा जंतू आपल्या आवरणावर थेट मानवी ट्रान्सफेरिनलाच पकडून त्यातील लोह हिसकावतात. माणूस व वानर यांच्या ट्रान्सफेरिनची तुलना करून मॅथ्यू बार्बर व नेल्स एल्ड यांनी २०१४ साली असे दाखविले की, जंतू ज्या ठिकाणी हे प्रथिन पकडतात नेमका तोच भाग उत्क्रांतीच्या ओघात झपाट्याने बदलत आला आहे. ‘युद्ध’ हा शब्द शास्त्रीय लेखनात जपून वापरावा हे खरे. परंतु लक्षावधी वर्षे चाललेल्या या डावपेचांना दुसरे नाव सुचणे कठीण आहे.

या झुंजीत पारडे किती थोडक्याने इकडचे तिकडे होते, हे प्लेगच्या जंतूवरून कळून येते. १८९६ साली मुंबईत थैमान घालणारा तो हाच जंतू. प्रयोगशाळेत त्याचे काही दुबळे प्रकार आढळतात. ते उंदरांना टोचले तरी उंदीर सहसा दगावत नाहीत. १९५६ साली इंग्लंडमध्ये जॅक्सन व बरोज यांनी अशा दुबळ्या जंतूंबरोबर उंदरांना लोहही टोचले. जंतू पुन्हा घातक बनले! त्यांची दुर्बलता ही वस्तुतः लोह मिळविण्याची असमर्थता होती, आणि ती उणीव प्रयोगकर्त्याच्या सुईने भरून काढली होती.

यानंतर त्रेपन्न वर्षांनी, सप्टेंबर २००९ मध्ये, शिकागो येथील एक संशोधक अल्पशा आजारानंतर मरण पावले. त्यांच्या रक्तात प्लेगचे जंतू सापडले. ते प्रयोगशाळेत हाताळीत असलेला प्रकार दुबळा होता. लोह मिळविण्याची त्याची यंत्रणा लुप्त झालेली होती आणि म्हणूनच तो निरुपद्रवी समजला जात होता. शवपरीक्षेत असे निष्पन्न झाले की, मृताला हिमोक्रोमॅटोसिस नावाचा आनुवंशिक विकार होता. या विकारात आतडे गरजेपेक्षा अधिक लोह शोषून घेत राहते, यकृतात त्याचे साठे होतात आणि ट्रान्सफेरिनच्या रिकाम्या जागा भरून जातात. उंदराच्या बाबतीत जे काम सुईने केले होते, ते येथे रोग्याच्या स्वतःच्या देहाने केले असावे असा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुचविण्यात आला. तसाच विकार असलेल्या उंदरांवर पुढे केलेल्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला.

लोहाखेरीज इतर धातूंच्या बाबतीतही हीच ओढाताण चालते. गळवात जमणाऱ्या पांढऱ्या पेशींत कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन विपुल असते आणि ते मँगॅनीज व जस्त या धातूंना पकडून ठेवते. पुवाचे जंतू त्यांवाचून अडतात, हे २००८ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. कधीकधी मात्र शरीर उलट मार्ग पत्करते. भक्षक पेशी गिळलेल्या जंतूवर तांबे व जस्त यांचा मारा करून त्याला विषबाधा घडवतात. एका जंतूने तर सगळ्यांवर ताण केली आहे. गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या लाइम रोगाच्या जंतूने लोहाची गरजच सोडून दिली असून तो मँगॅनीजवर निर्वाह करतो.

या सर्व गोष्टींचा आजाऱ्याच्या खाटेशी निकटचा संबंध आहे. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागते. त्याच्या आज्ञेने आतड्याच्या व साठवणीच्या पेशी आपल्यातील लोह बाहेर सोडीत नाहीत, आणि काही तासांतच रक्तद्रवातील लोह घसरते. अशा वेळी रक्त तपासले तर लोह कमी भरते. परंतु ती उणीव नसून शरीराने कोठाराला घातलेले कुलूप असते. दुखणे लांबले तर याच कुलपापायी रक्तक्षयही होतो. संरक्षणाची किंमत म्हणतात ती हीच.

मग लोहाची औषधे द्यावीत की न द्यावीत? सोमालियातील १३७ भटक्या लोकांच्या एका अभ्यासात, त्यांच्यात लोहाची कमतरता असूनही, लोह दिलेल्या गटात संसर्गाचे ३६ प्रसंग घडले, तर न दिलेल्या गटात ७. हा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. टांझानियाच्या पेंबा बेटावर हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा होता. तेथे लहान मुलांना रोज लोह व फॉलिक आम्ल देण्याचा प्रयोग झाला. त्यांच्यात रुग्णालयात दाखल होण्याचे वा मृत्यूचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि प्रयोग थांबवावा लागला. त्याचा वृत्तान्त २००६ साली प्रसिद्ध झाला. हिवतापाचा परोपजीवी जंतूंच्या वर्गातला नव्हे, पण लोहाची भूक त्यालाही असते. मात्र त्याच अभ्यासात, ज्या मुलांना खरोखरच लोहाची उणीव होती व ज्यांच्या हिवतापावर वेळीच उपचार होत होते, त्यांना लोहाने लाभच झाला. हा भाग पुष्कळदा सांगायचा राहून जातो.

भारतात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या देशात गोळ्यांची भीती पसरवणे हा अपराधच ठरेल. गर्भवतीने गोळ्या घ्याव्यात, शाळेतील मुलींनाही त्या मिळाव्यात. प्रश्न आहे तो वेळेचा. तीव्र कुपोषणाने खंगलेले मूल रुग्णालयात आणले जाते तेव्हा ते बहुधा फिकट असते, आणि लोह ताबडतोब सुरू करावे असा मोह होतो. वैद्यकीय मार्गदर्शिका मात्र हात आवरण्यास सांगतात. प्रथम जंतुनाशक औषधे, ऊब आणि थोडथोडे दुधाळ अन्न. लोह मुळीच नाही. मूल स्वतः होऊन वाटी मागू लागते, वजनाचा काटा वर सरकू लागतो, आणि मग, साधारणपणे दुसऱ्या आठवड्यात, त्याला लोहाचे पहिले थेंब पाजले जातात.