डिझेल मालट्रकच्या इंजिनाचे अधूनमधून होणारे अतितापन : कारणे व निदान

प्रस्तावना :
नाशिकचा इंदिरानगर परिसर मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे. मुंबईकडून माल घेऊन या मार्गाने येणारा ट्रक प्रथम कसारा घाट चढतो आणि शहरात आल्यावर इंदिरानगर बोगद्याजवळील कोंडीत रेंगाळतो. घाटात इंजिनावर भार अधिक असतो, तर कोंडीत रेडिएटरला वारा कमी मिळतो. इंजिन कधी तापते, कधी तापत नाही, अशा तक्रारीच्या निदानात हा फरक महत्त्वाचा ठरतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हा दोष सहसा दिसत नाही. परिणामी अंदाजाने एकेक भाग बदलला जातो, खर्च वाढतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

शीतकरण व्यवस्था :
पाणी व कूलंट यांचे मिश्रण पंपाद्वारे इंजिन आणि रेडिएटर यांमधून फिरते. थर्मोस्टॅट साधारणतः ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकमध्ये साधे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब टिकवून हा उत्कलनबिंदू वाढविते. झाकणाचे रबर किंवा स्प्रिंग निकामी झाल्यास पाणी लवकर उकळून बाहेर पडते.

लक्षणांवरून निदान :
१) कोंडीत तापते व वेग घेताच निवते : पंखा, त्याचा पट्टा व व्हिस्कस क्लच तपासावा.
२) भारासह चढावर तापते : रेडिएटरच्या जाळीत धूळ वा नळ्यांत क्षार साचले असण्याची अथवा पंप कमकुवत असण्याची शक्यता असते.
३) इंजिनाचे फेरे वाढताच तापते : रेडिएटरचा खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने चपटा होतो का, हे पाहावे.
४) काटा एकाएकी चढतो व उतरतो : थर्मोस्टॅट अडकणे, व्यवस्थेत हवा राहणे किंवा सेन्सरची जोडणी सैल असणे संभवते. इन्फ्रारेड तापमापकाने प्रत्यक्ष तापमान मोजून काट्याची खात्री करावी.
५) बाहेर गळती नसता पाणी घटते व थंड इंजिन सुरू करताच होज कडक होतो : हेड गॅस्केटमधून ज्वलनवायू पाण्यात शिरत असल्याचा संशय घ्यावा.

दक्षता :
पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेल्यास काटा तापमान कमी दाखवू शकतो. म्हणून केवळ काट्यावर विसंबू नये. इंजिन तापल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने व वाफेने गंभीर भाजण्याचा धोका असतो. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

निष्कर्ष :
दोष अधूनमधून दिसत असला, तरी त्याचे कारण निश्चित असते. चालकाने इंजिन तापतेवेळचा रस्ता, वेग, भार आणि पाण्याची घट यांची नोंद ठेवल्यास मेकॅनिकला योग्य भागापर्यंत पोहोचता येते. निदानास विलंब झाल्यास हेड वाकते, गॅस्केट उडते आणि एका ट्रकवर चालणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न थांबते. म्हणूनच भाग बदलण्यापूर्वी ही नोंद तपासणे, हीच निदानाची पहिली पायरी होय.