टाळ-मृदंगाचा ठेका आणि मेंदूच्या लहरी : खरं किती, अतिशयोक्ती किती?

‘अभ्यासासाठी अल्फा लहरी’, ‘दहा मिनिटांत गाढ झोप’ असे ऑडिओ तुमच्याही मोबाईलवर आले असतील. निमोणे असो की पुणे, परीक्षेची तयारी करणारी मुलं हेडफोन लावून ते ऐकतात. पण तालाचा मेंदूवर खरंच परिणाम होतो का?

मेंदूच्या लहरी म्हणजे काय?

मेंदूतल्या असंख्य पेशी एकत्र काम करताना विजेचे सूक्ष्म चढउतार होतात. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून त्यांची पहिली नोंद घेतली. हाच आजचा ईईजी. गाढ झोपेत सेकंदाला साधारण ४ पेक्षा कमी लहरी (डेल्टा) ठळक असतात. डोळे मिटून निवांत बसल्यावर ८ ते १३ (अल्फा) आणि जागेपणी कामात असताना १३ ते ३० (बीटा) दिसतात.

मेंदू ठेका पकडतो

तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवत, वरवंडला मुक्काम असतो. दिंडीत मृदंग वाजू लागला की पावलं आपोआप ठेक्यात पडतात. कारण ताल ऐकताना मेंदूतले हालचालींचे भागही जागे होतात आणि मेंदू पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज बांधतो. म्हणूनच पार्किन्सन्सच्या रुग्णांना ठरावीक ठोक्यांवर चालण्याचा सराव देतात.

मग गडबड कुठे होते?

मिनिटाला १२० ठोके म्हणजे सेकंदाला २. ईईजीवर हा वेग उमटतो. पण २ हा आकडा तर गाढ झोपेच्या डेल्टा लहरींचा! तरीही दिंडीत कुणी झोपत नाही, उलट हुरूप येतो. म्हणजे मेंदूनं ठेका पकडणं वेगळं आणि मेंदूची अवस्था बदलणं वेगळं. जाहिराती नेमका हाच फरक लपवतात.

दोन्ही कानांत किंचित वेगळे सूर वाजवणाऱ्या ‘बायनॉरल बीट्स’चंही तसंच आहे. २०२३ मध्ये अशा १४ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. लहरी खरंच त्या वेगाला जुळतात, याला ५ अभ्यासांत दुजोरा मिळाला, ८ मध्ये निष्कर्ष उलट निघाले आणि एकाचा संमिश्र होता.

मग भजनानं शांत का वाटतं?

एक भक्कम कारण श्वासाचं आहे. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा अभ्यास केला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे ६ इतका संथ झाला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली चालली. संथ लयीत म्हणताना श्वास आपोआप लांबतो. शिवाय सोबत गाणारी माणसं असतात, शब्द ओळखीचे असतात.

तुम्ही काय कराल?

• वाचताना शब्द असलेली गाणी टाळा, ती लक्ष खातात.
• शांत व्हायचं असेल तर नुसतं ऐकू नका, संथ लयीत म्हणा.
• आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित आहे.
• झोप किंवा मनाचा त्रास आठवडेच्या आठवडे टिकला तर डॉक्टरांना भेटा.

ऑडिओ आवडत असेल तर जरूर ऐका. पण ‘मेंदू बदलून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले, तर खिशात हात घालण्याआधी पुरावा मागा.